बंद खडकातला हिशेब

एका लघुग्रहाच्या पोटात एक पोकळी आहे. पोकळीत तीन माणसे आहेत. जवळ थोडी हवा, थोडे पाणी, मूठभर धान्यसाठा आणि भोवतीच्या खडकात अडकलेले शेवाळ, कोळसा, वाळू, तांब्याचे खनिज. वर जायला वाट नाही, बाहेरून काही येणार नाही. ही माणसे किती दिवस जगतील?

आपल्या वर्गातल्या एखाद्या विद्यार्थ्याला हे वर्णन ओळखीचे वाटले तर नवल नाही. ‘ऑक्सिजन नॉट इन्क्लुडेड’ नावाचा एक संगणकीय खेळ आहे. कॅनडातील क्ली एंटरटेनमेंट या कंपनीने तो २०१७ साली अपुऱ्या रूपात लोकांपुढे ठेवला आणि २०१९ मध्ये पूर्ण करून प्रसिद्ध केला. खेळण्याच्या खोक्यावर ‘सेल सोबत दिलेले नाहीत’ असे छापलेले असते, त्या चालीवरचे हे नाव. या खेळात लढाई जवळजवळ नाही. खणायचे, यंत्रे बांधायची, वस्तू तयार करायच्या आणि माणसे जगवायची. वसाहत मरते ती शत्रूमुळे क्वचितच, बहुतेक वेळा हिशेब चुकल्यामुळे.

हा खेळ मुलांनी खेळावा अशी शिफारस करण्यासाठी हा लेख नाही. खेळात रात्री कशा सरतात हे पालकांना विचारावे. पण त्यातला हिशेब वर्गात नेण्यासारखा आहे. त्यासाठी संगणक लागत नाही, फळा पुरतो. आणि खेळ बनवणाऱ्यांनी विज्ञानाचे काही नियम काटेकोरपणे पाळले आहेत, तर काही बिनदिक्कत मोडले आहेत. दोन्ही गोष्टी शिकवायला सारख्याच उपयोगी पडतात.

शेवाळ किती दिवस पुरेल?

खेळातला माणूस सेकंदाला १०० ग्रॅम ऑक्सिजन घेतो. खेळातला दिवस ६०० सेकंदांचा, म्हणजे माणशी रोज ६० किलो. खऱ्या माणसाला दिवसभरात सुमारे ०.८४ किलो ऑक्सिजन पुरतो. सेकंदाचा दर काढला तर खेळातली माणसे आपल्या सुमारे दहा हजार पट ऑक्सिजन ओढतात! हा आकडा फुगवला आहे तो मुद्दाम. टंचाई खेळाडूला अर्ध्या तासात जाणवली पाहिजे, तिच्यासाठी महिनाभर थांबायला कोण तयार होईल?

सुरुवातीला ऑक्सिजन मिळवण्याचा सोपा उपाय म्हणजे शेवाळावर चालणारे यंत्र. ते सेकंदाला ५५० ग्रॅम शेवाळ घेते आणि ५०० ग्रॅम ऑक्सिजन देते. म्हणजे माणशी रोज ६६ किलो शेवाळ लागणार. (जीवशास्त्राच्या शिक्षकांना हे यंत्र खटकेल. खरे शेवाळ प्रकाश, पाणी व कार्बन डायऑक्साइड घेऊन ऑक्सिजन देते आणि देता देता वाढते. खेळातले शेवाळ कोळशासारखे खर्च होते.)

समजा, आपल्या आवाक्यात २०,००० किलो शेवाळ आहे. तीन माणसांचा रोजचा खप १९८ किलो. भागाकार केला तर साठा १०१ दिवस पुरतो. शंभर दिवस म्हणजे भरपूर झाले असे वाटते.

पण खेळात दर तीन दिवसांनी एक नवा माणूस वसाहतीत घेण्याची संधी मिळते. घेतलाच पाहिजे असे नाही, पण कामे साचलेली असतात आणि दोन हात वाढले तर कोणाला नको असतात? मग हिशेब असा बदलतो. पहिले तीन दिवस तीन माणसे, पुढचे तीन दिवस चार, मग पाच, असे. तीन दिवसांत एका माणसाला १९८ किलो शेवाळ लागते. तेव्हा १९८ × (३ + ४ + ५ + …) ही बेरीज २०,००० ला कधी पोचते ते पाहायचे. कंसातली बेरीज १०१ झाली की साठा संपला. ३ पासून १४ पर्यंतच्या संख्यांची बेरीज १०२ येते. म्हणजे तीन-तीन दिवसांचे बारा टप्पे पुरे होण्याच्या आतच, छत्तिसाव्या दिवशी, शेवाळ संपते.

१०१ दिवसांचे ३६ दिवस झाले. साठा एका किलोनेही कमी झालेला नाही. मुलांना हे उदाहरण सांगण्याआधी त्यांना अंदाज करायला लावावा. बहुतेक जण साठ-सत्तर दिवस म्हणतील, कारण मनातल्या मनात आपण सरासरी माणसे धरतो आणि तीही कमी धरतो.

आणखी एक गोष्ट या गणितात दडलेली आहे. विसाव्या दिवसाच्या सुरुवातीला किती शेवाळ खर्च झाले असेल? तोवर टप्पे झाले सहा, आणि सातव्यातला एक दिवस. ३ ते ८ ची बेरीज ३३. ३३ × १९८ म्हणजे ६,५३४ किलो. त्यात एका दिवसाचे ९ × ६६ म्हणजे ५९४ मिळवले की ७,१२८. जवळजवळ दोनतृतीयांश साठा शिल्लक आहे आणि वेळ मात्र निम्म्याहून जास्त गेलेली आहे. खेळाडू कोठाराकडे पाहून निश्चिंत राहतो तो नेमका याच दिवसांत. कोठारात किती आहे हा प्रश्न एकट्याने निरर्थक आहे. रोजचा खप किती, तो कसा वाढतो आहे आणि दुसरी सोय उभी करायला किती दिवस लागतील, या तिघांच्या संगतीत त्याला अर्थ येतो.

पाण्यापासून ऑक्सिजन

दुसरी सोय म्हणजे पाण्याचे विद्युत अपघटन. खेळातले यंत्र सेकंदाला १ किलो पाणी घेते आणि ८८८ ग्रॅम ऑक्सिजन व ११२ ग्रॅम हायड्रोजन देते. हे आकडे फळ्यावर लिहून दहावीच्या मुलांना तपासायला सांगावेत. पाण्याच्या १८ ग्रॅममध्ये १६ ग्रॅम ऑक्सिजन आणि २ ग्रॅम हायड्रोजन. १००० ग्रॅमला ८८८.९ आणि १११.१. खेळ इथे रसायनशास्त्राला धरून आहे आणि बेरीजही बरोबर १००० येते.

आता माणशी पाणी किती? १०० ग्रॅम ऑक्सिजनसाठी सुमारे ११२.६ ग्रॅम पाणी, म्हणजे रोज ६७.६ किलो. शेवाळ लागत होते ६६ किलो. वजनाच्या दृष्टीने काही बचत झाली नाही, उलट किंचित जास्तच लागले! मग खेळाडू एवढा खटाटोप का करतात? कारण शेवाळ हा नुसता साठा आहे आणि पाण्याला आवक आहे. खडकात काही ठिकाणी गरम पाण्याचे वा वाफेचे झरे असतात. ते काही दिवस उसळतात, काही दिवस झोपतात, पण पुन्हा उसळतात. माणसांनी वापरलेले सांडपाणी वाळूच्या गाळणीतून पुन्हा स्वच्छ करता येते. साठ्यावर जगणारी वसाहत आज ना उद्या संपते. आवकेवर जगणारी वसाहत, आवकेपेक्षा खप वाढू दिला नाही तर, चालू राहते. विहीर खोल आहे की झरा जिवंत आहे, हा फरक ज्या गावाने एकदा उन्हाळा काढला आहे त्याला वेगळा सांगावा लागत नाही.

इथपर्यंत खेळ आणि विज्ञान हातात हात घालून चालतात. आता विजेचा हिशेब करू. अपघटनाच्या यंत्राला वीज लागते १२० वॅट. निघालेला हायड्रोजन जाळणारे जनित्र सेकंदाला १०० ग्रॅम हायड्रोजनला ८०० वॅट देते, म्हणजे ११२ ग्रॅमला ८९६ वॅट. १२० खर्चून ८९६ मिळाले, ऑक्सिजन वर फुकट. खेळाडू अशी स्वयंपूर्ण जोडणी मोठ्या हौसेने बांधतात.

खऱ्या जगात काय घडते? पाण्याचा एक मोल, म्हणजे १८ ग्रॅम, फोडायला सुमारे २८६ किलोज्यूल ऊर्जा लागते. एक किलो पाण्यात सुमारे ५५.५ मोल असतात. गुणाकार केला की १ कोटी ५९ लाख ज्यूल येतात. तेव्हा सेकंदाला एक किलो पाणी फोडणाऱ्या यंत्राला १२० वॅट नव्हे, निदान १५९ लाख वॅट पुरवावे लागतील. आणि निघालेला हायड्रोजन पुन्हा जाळला तर परत मिळेल ती जास्तीत जास्त तेवढीच ऊर्जा. प्रत्यक्षात तीही पुरी वीज होऊन येणार नाही, बरीचशी उष्णता म्हणून जाईल. पाणी फोडायचे, हायड्रोजन जाळून पुन्हा पाणी करायचे आणि मधल्यामध्ये वीज उरवायची, हे शाश्वत गतीचे यंत्र झाले. ‘पाण्यावर चालणारी मोटार’ अशा बातम्या अधूनमधून येत असतात. त्यांत नेमकी हीच चलाखी असते. मुलांना ती एकदा आकड्यांतून पकडता आली की पुढच्या वेळी बातमी वाचताना ती थबकतील.

कोळशाचे जनित्रही असेच तपासता येईल. ते सेकंदाला एक किलो कोळसा खाते, ६०० वॅट वीज देते आणि २० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडते. कोळसा निव्वळ कार्बन धरला तर १२ ग्रॅमचे ४४ ग्रॅम होतात, म्हणजे एका किलोचे ३.६७ किलो व्हायला हवेत. उरलेले वस्तुमान कोठे गेले ते खेळ सांगत नाही. शौचालयात उलट प्रकार आहे: आत ५ किलो पाणी जाते, बाहेर ११.७ किलो सांडपाणी येते. द्रव्य अक्षय्यतेचा नियम कोठे पाळला, कोठे मोडला, याची यादी करणे हा आठवी-नववीच्या मुलांना आवडेल असा गृहपाठ आहे. नियम मोडलेला ओळखायला नियम कळलेला असावा लागतो.

धातू कशावर खर्च करावा

अशा खेळांत ‘क्राफ्टिंग’ म्हणतात ते हे: कच्च्या मालापासून वस्तू बनवणे आणि त्या वस्तूंपासून पुढच्या वस्तू. तांब्याचे खनिज दोन तऱ्हांनी शुद्ध करता येते. साधे दगड फोडायचे यंत्र १०० किलो खनिजातून ५० किलो धातू देते, बाकीच्या ५० किलोची वाळू होते. मोठी भट्टी १०० किलोतून पुरा १०० किलो धातू देते. पण ती उभारण्याआधी संशोधन करावे लागते, चालवायला १२०० वॅट लागतात आणि ती भरपूर उष्णता सोडते. निम्मे खनिज आत्ता वाया घालवावे, की भट्टी होईपर्यंत थांबावे?

पहिला आवेग असा की थांबावे, वाया कशाला घालवा? पण एक उदाहरण घेऊ. खेळातले कोळशाचे जनित्र बॅटऱ्या भरल्या तरी कोळसा जाळत राहते. सतत चालले तर दिवसाला ६०० किलो. वसाहतीला सरासरी २०० वॅटच लागत असतील तर त्यातले ४०० किलो रोज फुकट जातात. ‘स्मार्ट बॅटरी’ नावाची एक वस्तू असते. बॅटरी भरली की ती जनित्र बंद करते, उतरली की चालू करते. ती बनवायला २०० किलो शुद्ध धातू लागतो (जोडणीच्या तारेला थोडा वेगळा). साध्या यंत्राने तो काढायचा तर ४०० किलो खनिज मोडावे लागेल, त्यातले २०० किलो वाळूत जाईल. बदल्यात पहिल्याच दिवसापासून ४०० किलो कोळसा वाचतो. थांबून दहा दिवसांनी भट्टी उभी राहिली तर २०० किलो खनिज वाचेल, पण तोवर ४,००० किलो कोळसा धुरात गेलेला असेल. माझ्या मते इथे वाट पाहणे ही उधळपट्टी आहे. मात्र बॅटरी झाली की दगड फोडायचे यंत्र बंद करावे. मिळालेली वाळू सांडपाण्याच्या गाळणीला उपयोगी पडते, हे थोडे समाधान.

दुर्मीळ धातू आधी कोठे घालायचा, याचे उत्तर बहुधा असेच निघते: जी वस्तू दुसरा एखादा खर्च कमी करते तिच्यात. शोभेच्या आणि सोयीच्या गोष्टी नंतर. नवशिके खेळाडू नेमके उलट करतात.

पुढे पोलाद लागते. खेळात १०० किलो पोलादाला ७० किलो लोखंड, २० किलो शुद्ध कार्बन आणि १० किलो चुना असे प्रमाण आहे. समजा, कोठारात १,४०० किलो लोखंड, ४०० किलो कार्बन आणि ६० किलो चुना आहे. पोलाद किती होईल? लोखंड आणि कार्बन दोन हजार किलोला पुरेल, पण चुना ६०० किलोलाच. उत्तर ६००. आणखी हजार किलो लोखंड खणून आणले तरी उत्तर ६००च. एकोणिसाव्या शतकात युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने पिकांबद्दल हेच सांगितले: पिकाची वाढ सर्वांत तुटपुंज्या पोषकद्रव्यावर ठरते, इतरांची रेलचेल असून भागत नाही. हा विचार त्याच्या आधी कार्ल श्प्रेंगेल यानेही मांडला होता. अकरावी-बारावीच्या रसायनशास्त्रात ‘लिमिटिंग रीएजंट’ म्हणून येतो तो हाच.

म्हणून खेळाडूची मेहनत चुन्यावर जायला हवी. जीवाश्म फोडून चुना मिळतो, १०० किलोला अवघा ५ किलो. दुसरी वाट म्हणजे दगड खाणारे ‘हॅच’ नावाचे प्राणी पाळायचे आणि त्यांच्या अंड्यांची टरफले दळायची. जीवाश्म हा साठा, अंडी ही आवक. पुन्हा तोच फरक. (खऱ्या पोलादात कार्बन दोन टक्क्यांच्याही आत असतो. आणि भट्टीत घातलेली चुनखडी पोलादात राहत नाही, अशुद्ध द्रव्ये घेऊन मळीच्या रूपाने बाहेर पडते. खेळातले प्रमाण पाठ करणाऱ्या मुलांना हे आवर्जून सांगावे.)

आणि एक टंचाई अशी की ती कोठाराच्या यादीत दिसतच नाही. अपघटनाच्या यंत्रातून ऑक्सिजन बाहेर येतो तो निदान ७० अंश सेल्सिअसचा. यंत्रे, जनित्रे, भट्टी सगळी उष्णता सोडतात आणि खडकाच्या बंद पोकळीतून ती जायला जागा नसते. सुरुवातीचे मुख्य पीक १० ते ३० अंशांतच वाढते. ऑक्सिजन मुबलक, पाणी मुबलक, आणि पन्नासाव्या-साठाव्या दिवशी पीक थांबते कारण शेत तापले. अनुभवी खेळाडूंच्या वसाहतीसुद्धा इथे अडखळतात. थंडावा ही देखील साधनसंपत्ती आहे, हे फार उशिरा लक्षात येते.

खऱ्या बंद जागा

खेळात यादी निदान पुरी असते. उष्णता यादीत नसली तरी तापमान पडद्यावर पाहता येते. खऱ्या बंद जागेत कोणता घटक मोजायचा हेच आधी ठाऊक नसते.

अमेरिकेच्या अॅरिझोना राज्यात ‘बायोस्फिअर २’ नावाची काचेची प्रचंड वास्तू आहे, सुमारे १.२७ हेक्टरांची. आत छोटे वर्षावन, छोटा समुद्र, शेत. २६ सप्टेंबर १९९१ रोजी आठ माणसे तिच्यात दोन वर्षांसाठी बंद झाली. हवा, पाणी, अन्न सारे आतल्या आत फिरायचे होते. पण ऑक्सिजन हळूहळू उतरू लागला. सुरुवातीच्या २०.९ टक्क्यांवरून सोळा महिन्यांत तो सुमारे १४.५ टक्क्यांवर आला. माणसे थकू लागली, शेवटी जानेवारी १९९३ मध्ये बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला.

गेला कोठे? शेतासाठी मुद्दाम सकस, सेंद्रिय द्रव्यांनी भरलेली माती घातली होती. तिच्यातले सूक्ष्मजीव ऑक्सिजन घेऊन कार्बन डायऑक्साइड सोडत होते, वनस्पती परत देत होत्या त्यापेक्षा जास्त वेगाने. पण मग कार्बन डायऑक्साइड तेवढाच वाढायला हवा होता आणि तो तेवढा वाढलेला दिसेना. उत्तर काँक्रीटमध्ये सापडले. काँक्रीटमधला कॅल्शियम हायड्रॉक्साइड कार्बन डायऑक्साइड शोषून कॅल्शियम कार्बोनेट बनत होता. चुन्याच्या निवळीत फुंकर मारली की ती दुधाळ होते, हा प्रयोग आपण सातवी-आठवीत करून दाखवतो. तोच प्रयोग तिथे भिंतींवर चालू होता. कार्बनबरोबर ऑक्सिजनही भिंतीत जाऊन बसला. आठ माणसांच्या श्वासाच्या हिशेबात भिंत हा एक खातेदार आहे, हे आधी कोणी धरले नव्हते.

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात ऑक्सिजनचा मोठा भाग पाण्याच्या विद्युत अपघटनानेच तयार करतात. एका माणसाच्या ०.८४ किलो ऑक्सिजनसाठी सुमारे ०.९४५ किलो पाणी फोडावे लागते. वर काढलेल्या दराने त्याला कमीत कमी ४.२ युनिट वीज रोज लागेल, घरच्या मीटरवरची युनिटे. ती येते सौर पंखांवरून, म्हणजे बाहेरून. हायड्रोजन जाळून वीज उरवण्याचा मार्ग तिथे नाही. घाम, श्वासातली वाफ आणि लघवी गोळा करून पाणी परत मिळवतात. २०२३ मध्ये हे प्रमाण ९८ टक्क्यांवर पोचल्याचे नासाने जाहीर केले. उरलेल्या दोन टक्क्यांसाठी पृथ्वीवरून खेपा चालू आहेत.

वर्गासाठी एक उदाहरण

वर्गाचे चार-पाच गट करून हे गणित द्यावे. माणशी रोज ६७.६ किलो पाणी लागते असे धरा. एकच झरा आहे. तो ६० दिवस वाहतो, तेव्हा रोज १,५०० किलो पाणी देतो. मग ४० दिवस पूर्ण झोपतो. पुन्हा ६० दिवस वाहतो. सुरुवातीला टाकी रिकामी आहे आणि झरा आजच जागा झाला आहे. वसाहतीत जास्तीत जास्त किती माणसे राहू शकतील, आणि टाकी निदान केवढी बांधावी?

दोन उत्तरे येतील. काही गट १,५०० ला ६७.६ ने भागून २२ माणसे म्हणतील. काही गट शंभर दिवसांची सरासरी काढतील: ९०,००० भागिले १०० म्हणजे रोज ९०० किलो, म्हणून १३ माणसे; आणि १३ माणसांना झोपेचे ४० दिवस काढायला टाकी सुमारे ३५,२०० किलोची. दुसऱ्या गटांना विचारावे, की टाकी बांधून व्हायला वीस दिवस लागणार असतील तर उरलेल्या चाळीस दिवसांत ती भरेल का, आणि नाही भरली तर किती माणसे घ्यावीत. २२ म्हणणाऱ्यांना एवढेच विचारावे: एकसष्टाव्या दिवशी सकाळी काय?